लेकीच्या सापाच्या क्लासला मी सहा रविवार बसलो

आधीच सांगतो, मी शिंपी. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसून मला २२ वर्षं झाली. सापाशी माझा संबंध म्हणजे नागपंचमीला पाटावर गंधानं काढलेला नाग, तेवढाच. तरी हे मी लिहितोय, कारण फी मी भरली आणि क्लासला बसलोही मीच.

झालं असं. थोरली बारावी झाली, बीएस्सीला प्राणिशास्त्र घेणार म्हणाली. इथपर्यंत ठीक. मग एका संध्याकाळी तिनं मोबाईल पुढं केला. पोस्टर होतं: 'वन्यजीव हाताळणी व जनजागृती प्रशिक्षण, करिअरची सुवर्णसंधी'. सहा रविवार, साडेतीन हजार रुपये. खाली एक पोरगा नागाला शेपटीला धरून ऐटीत उभा. तिच्या आईनं ते बघितलं आणि तव्यावरची भाकरी करपली. शेवटी तोड निघाली ती अशी: जायचं असेल तर अण्णा, म्हणजे मी, बरोबर बसणार. तिनंही अट घातली, "मागच्या बाकावर बसायचं, आणि मध्ये बोलायचं नाही." मला जागेवरच अर्ध्या फीत बसवून घेतलं, ही संस्थेची मेहरबानी.

संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. कौतुक भरपूर आहे, पण तक्रारीही आहेत, आणि पोरगी अजून त्यांच्याकडं जाते.

पहिल्या रविवारी विजापूर रोडकडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये बावीस पोरं जमली. बरण्या असतील, पेट्या असतील, या तयारीनं मी गेलो होतो. काही नाही. टेबलावर एक काठीसारखा हूक, प्लास्टिकचा पाईप आणि सायकलची जुनी ट्यूब. सरांनी उभं राहून पहिलं वाक्य टाकलं ते असं, "इथं तुम्हाला जिवंत साप मिळणार नाही. वनविभागाच्या परवानगीशिवाय साप जवळ ठेवणं गुन्हा आहे, शिकवण्यासाठी ठेवला तरी." पुढच्या रांगेतल्या चार-पाच पोरांची तोंडं एकदम पडली. त्यांना तो पोस्टरवरचा फोटो हवा होता. सर मग अर्धा तास तेच बोलले: शेपटीला धरून उलटा टांगला की सापाच्या मणक्याला इजा होते, फोटोसाठी खेळणारे सर्पमित्रच जास्त चावले जातात, वगैरे. आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे लेकीनं, हात वर केला. "सर, मग पोस्टरवर जो आहे तो काय करतोय?" हॉल हसला. सरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, जुना फोटो आहे, बदलायचाय. ही माझी पहिली तक्रार, कारण पुढच्या बॅचचं पोस्टर परवा आलंय आणि त्यावर तोच पोरगा तोच नाग धरून उभा आहे.

ओळख शिकवायची पद्धत मात्र मला फार आवडली. आपल्या भागात माणूस मारणारे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. नाग आणि मण्यारचं विष मज्जातंतूंवर, घोणस आणि फुरशाचं रक्तावर. एवढं मलाही ऐकून माहीत होतं. खरा घोटाळा आहे जोड्यांचा. कवड्या आणि मण्यार, दोन्ही काळपट, दोन्ही अंगावर आडवे पांढरे पट्टे. कवड्या बिनविषारी, भिंतीवर सरसर चढणारा, आणि मण्यार म्हणून उगाच मारला जाणारा. सरांबरोबर शिकवणाऱ्या मॅडमनी पडद्यावर दोघांचे फोटो शेजारी लावले. मला कापड दिसलं की डिझाईन कुठून सुरू होतं ते बघायची सवय. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडं विरत जातात. मण्यारचं उलटं, मानेपाशी जवळजवळ कोरं आणि मागं जोडीजोडीनं स्पष्ट. मी मागून हळूच म्हणालो, "याची किनार वरून विणलीय आणि त्याची खालून." मध्ये बोलायचं नाही ही अट तिथंच मोडली. मॅडमनी ते वाक्य दुसऱ्या दिवशीच्या शाळेतल्या कार्यक्रमात वापरलं, असं लेकीनं सांगितलं. तिला स्वतःला ते फारसं रुचलं नसावं.

तसंच घोणस आणि बिनविषारी डुरक्या. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार, आणि लोक मात्र 'अजगराचं पिल्लू' म्हणून हातात घेतात. ऊसतोडीच्या वेळी मोहोळ-पंढरपूरकडं असे प्रकार होतात, असं सर म्हणाले.

चार रविवार त्या ट्यूबवर गेले. सायकलच्या ट्यूबमध्ये वाळू भरून दोन्ही टोकं सुतळीनं बांधलेली. हूकवर ती तोलायची, घसरू द्यायची नाही, दाबायची नाही, पाईपच्या तोंडाशी आणून सोडायची. पन्नास वेळा. पोरं कंटाळली. दोघं दुसऱ्या रविवारीच यायची बंद झाली. मला विचाराल तर ही या क्लासची सगळ्यात पक्की गोष्ट. आमच्याकडं नवा पोरगा आला की त्याला पहिला महिनाभर चिंध्यांवर सरळ टीप मारायला लावतात, शर्टाला हात लावू देत नाहीत. ज्याला चिंधीचा कंटाळा येतो तो पुढं कॉलर बिघडवतो.

आता पिशवीचं सांगतो, कारण इथं मी मागच्या बाकावरून पुढं आलो.

साप हातानं धरायचाच नाही, ही त्यांची पद्धत. चार इंची पाईपच्या एका टोकाला लांब कापडी पिशवी बांधायची आणि दुसरं टोक सापाजवळ जमिनीला टेकवून ठेवायचं. घाबरलेल्या सापाला अंधारं बीळ हवं असतं. हूकनं नुसती दिशा दाखवली की तो आपण होऊन आत जातो. मग पाईप उचलायचा, पिशवीला पीळ द्यायचा, गाठ मारायची. पिशवी अंगाला लागू द्यायची नाही, कारण कापडातूनही दात लागतो.

तिसऱ्या रविवारी सरांनी त्यांची पिशवी फिरवायला दिली. माझ्या हातात आली आणि मला राहवेना. उशीच्या खोळीसारखी शिवलेली, आतल्या बाजूनं ओव्हरलॉकचे दोरे लोंबत होते. मी विचारलं, सर, सापाचे दात यात अडकत नाहीत का? ते म्हणाले, अडकतात, म्हणून आम्ही पिशवी उलटी करून वापरतो. उलटी करून! म्हणजे शिवण बाहेर, आणि बाहेरचा धागा हूकला अडकणार. मी म्हणालो, पुढच्या रविवारी मी शिवून आणतो.

पहिल्या खेपेला फसलो. कारखान्यातलं उरलेलं गणवेशाचं कापड वापरलं, टेरीकॉट. दिसायला झकास. सरांनी तोंडाला लावून फुंकर मारली आणि परत दिली. "हवा जात नाही दादा. उन्हाळ्यात सोलापुरात साप यात शिजेल." मग साधा सुती मांजरपाट आणला. त्याची खळ जायला दोनदा धुतला, कारण खळीचं कापड कडक राहतं आणि कुबट वासही धरतं. कडा आत दुमडून दुहेरी टीप मारली, म्हणजे आत-बाहेर कुठंच मोकळा दोरा नाही. तळाला कोपरे ठेवले नाहीत, गोल कापला, कारण कोपऱ्यात डोकं खुपसून बसलेला साप सोडताना लवकर बाहेर येत नाही, हे सर बोलता बोलता बोलून गेले होते. तोंडाशी पाईपवर ताणून बसेल असा नेफा आणि नाडी. पांढऱ्या कापडाचा आणखी एक फायदा लेकीनं दाखवला: उजेडाकडं धरलं की साप आत कुठं आहे त्याची सावली दिसते.

चौथ्या रविवारी सरकारी रुग्णालयातले एक डॉक्टर तासभर आले. साडेतीन हजारांतले निम्मे त्या तासाचे, असं मी म्हणेन. ते पट्टी, चिरा, तोंडानं विष ओढणं, सगळ्याला नाही म्हणाले. हातपाय हलवू नका, धीर द्या, अंगठ्या-बांगड्या काढा, १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट मोठ्या दवाखान्यात. साप मारून बरोबर आणायची गरज नाही, कारण आपल्याकडं मिळणारी लस एकच आणि ती चारही सापांच्या विषावर चालते. रक्तावरचं विष आहे का हे बघायला साध्या काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर समजायचं. इतकी साधी परीक्षा असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी एक आकडाही सांगितला: २००० ते २०१९ या वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये त्यावर राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून.

मग ते मण्यारवर आले. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं कित्येकदा कळतच नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात पित्त झालं. मी मागं बसून गप्प. एप्रिल-मे मध्ये अख्खं सोलापूर गच्चीवर नाहीतर अंगणात चटई टाकून झोपतं. मीही.

पाचव्या रविवारी कॉल आला. विडी कामगारांच्या वसाहतीतून, घरात साप. सरांनी आधी वनरक्षकाला फोन केला, मग अठरा पूर्ण असलेल्या तिघांना बरोबर घेतलं. लेक माझ्या गाडीवर मागं बसली, म्हणून मीही गेलो.

एक खोली आणि स्वयंपाकघर. विड्या वळायला भिजवलेली पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. बाहेर ४२ अंशांच्या आसपास ऊन असताना सापाला तेवढाच गारवा. दारात चाळीस-पन्नास माणसं, सगळ्यांचे मोबाईल वर, एक जण पहार घेऊन आलेला. "पामु, पामु" असा तेलुगूत गलका. सर लेकीला म्हणाले, "साप माझ्याकडं. माणसं तुझ्याकडं."

ती हॉलमध्ये शिकवल्यासारखी ओरडली, "सगळ्यांनी मागे सरा!" कोणी हललं नाही. भिंतीवर चढलेला एक पोरगा म्हणाला, "तू पकडणार का गं?" आणि हशा. पोरीचं तोंड उतरलं. मला वाटलं आता मी बोलावं. पण अट होती.

मग तिनं काय केलं, तर ओरडायचं सोडून दिलं. त्या घरची म्हातारी पायरीवर थरथरत बसली होती. ही तिच्याशेजारी जाऊन बसली आणि मैत्रिणीकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत विचारायला लागली, आज्जी, रात्री खाली झोपता का खाटेवर? उंदीर आहेत का? आज्जी बोलायला लागली, तशी दारातली निम्मी माणसं ऐकायला तिच्याभोवती आली. दार मोकळं झालं. मग पहारवाल्याला म्हणाली, "काका, तुम्ही त्या कोपऱ्यावर थांबा, तुमचं ऐकतात. कोणाला पुढं येऊ देऊ नका." त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि तो लगेच इतरांवर खेकसायला लागला, "ए, मागं सर की बे!"

मी खिडकीतून आत बघत होतो. सरांनी हूकनं गोणपाट वर घेतलं आणि नाग उभा राहिला. फणा, आवाज, सगळं. सर नुसते उभे. हूकही हलवला नाही. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, मला फार वाटला. हळूहळू फणा उतरला. भिंतीला धरून तो सरकला, पाईपच्या तोंडाशी क्षणभर थबकला, आणि सुईत दोरा ओवावा तसा आत गेला. त्या पाईपला मी शिवलेली पिशवी होती. तिच्यात तो गोळा होताना मला सावली दिसत होती आणि माझ्या मनात एकच: तळाची टीप मी दोनदा मारली होती ना?

मारली होती.

लोकांना नाग बघायचा होता. सरांनी दाखवला नाही. एका बाईला नारळ वाहायचा होता. तिला लांबून नमस्कार करू दिला आणि नारळ घरातल्या पोरांना द्यायला सांगितलं. मग तिथंच उभ्या उभ्या सर पाच-सात मिनिटं बोलले, आधी तेलुगूत, मग मराठीत: ओलं गोणपाट जमिनीवर नको, पाटावर ठेवा, दाराखालची फट बुजवा, खरकटं रात्री बाहेर टाकू नका, उंदीर येतात, उंदरामागं साप येतो, झोपा खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. हॉलमधली सगळी भाषणं एकीकडं आणि ही सात मिनिटं एकीकडं. नोंद झाली, वनरक्षक आला, आणि संध्याकाळी जवळच्याच माळावर नाग सोडला. फार लांब नेऊन सोडला तर अनोळखी जागेत तो भटकतो आणि बरेचदा मरतो, म्हणून जवळच. सोलापुरात हे काम करायचं तर मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही हवं. क्लासमध्ये भाषेसाठी एक तासही नाही, ही उणीव मी लेखी कळवलीय.

आता 'करिअर'चं. शेवटच्या रविवारी सरांनी खरं ते फळ्यावर लिहिलं, याबद्दल त्यांना मानलं. साप पकडून पोट भरत नाही. कॉलचे पैसे मागायचे नाहीत, पेट्रोल आपलं. सर स्वतः दिवसा शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करतात. मॅडम एमएस्सी, शाळा आणि कारखान्यांत कार्यक्रम घेतात, त्याचं मानधन मिळतं, आणि त्यातही परीक्षेच्या महिन्यांत शुकशुकाट. पक्क्या वाटा म्हणजे वनरक्षक भरती, बारावीनंतर, धावण्याच्या चाचणीसह, पदव्युत्तर शिकून संशोधन प्रकल्प, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, जिथं प्रवेश मिळणं अवघड, प्राणिसंग्रहालयातली कामं, पशुवैद्यक व्हायचं असेल तर वाट पूर्ण वेगळी. पुण्याच्या नीलिमकुमार खैऱ्यांचं उदाहरण दिलं. १९८० मध्ये ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले. सर म्हणाले, लोक ते ७२ तास सांगत बसतात, पण पुढं १९८६ मध्ये त्यांनी कात्रजला सर्पोद्यान उभं केलं, काम ते आहे.

मग पोस्टरवर 'सुवर्णसंधी' कशाला लिहायचं?

दुसरी मोठी तक्रार प्रमाणपत्राची. जाड कागद, सोनेरी शिक्का, वर ठळक 'प्रशिक्षित सर्पमित्र'. हे वनविभागाचं परवानापत्र नाही, हे सरांनी तोंडी तीनदा सांगितलं, कागदावर एकदाही नाही. त्याच संध्याकाळी चार पोरांच्या स्टेटसवर तो कागद आणि खाली 'साप निघाल्यास संपर्क करा'. वाळूची ट्यूब तोललेली पोरं! साप निघाला तर वनविभागाचा १९२६ लावायचा, एवढी एक ओळ त्या प्रमाणपत्राच्या तळाशी छापायला काय हरकत आहे?

बारीकसारीक: पहिल्याच दिवशी 'काही झाल्यास जबाबदारी आमची नाही' यावर सही घेतली, विम्याचं मात्र नाव नाही. हॉलमधलं मुलींचं स्वच्छतागृह सहापैकी तीन रविवारी कुलूपबंद. नान्नजच्या अभयारण्याची सहल बसपायी दीड तास उशिरा निघाली, आणि ऊन चढल्यावर माळावर दिसणार काय? काळविटांचा एक कळप आणि लांबून एक खोकड. माळढोक नाही, तो दिसला तर आता बातमी होते. एका धनगर बाबांनी लांडगा कोकरू कसं उचलतो ते करून दाखवलं. ते मात्र बघण्यासारखं होतं.

तारे द्यायचे तर पाचात साडेतीन. शिकवणं साडेचारचं आहे, पोस्टर आणि प्रमाणपत्रानं एक कापला. पोराला पाठवणार असाल तर आधी विचारा: विमा आहे का, जिवंत साप हाताळायला देणार का. दुसऱ्या प्रश्नाला कोणी 'हो' म्हणालं तर पाठवू नका. आणि एक रविवार तरी स्वतः जाऊन बसा.

मी आता खाटेवर झोपतो. लेक पुढच्या बॅचला गर्दी सांभाळायचं शिकवणार आहे, बिनपगारी. संस्थेनं माझ्याकडून मांजरपाटाच्या बारा पिशव्या शिवून घेतल्या, त्या मापाचं कौतुकही केलं. पैसे अजून यायचेत.